पहिला टेंट घेताना : सह्याद्रीतल्या मुक्कामासाठी, खिशाला झेपेल असा

माझा पहिला टेंट तेराशे रुपयांचा होता. एकाच कापडाचा, नारिंगी, फोटोत झकास दिसणारा. डिसेंबरातल्या एका शनिवारी पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर गेलो, उजेड असतानाच टेंट उभा केला, पिठलं-भाकरी खाऊन आडवे झालो. पहाटे चारच्या सुमारास माझ्या कपाळावर टपकन थेंब पडला. मग दुसरा. हेडटॉर्च लावून बघितलं तर छताला आतून पाण्याचे मणी लगडलेले. "टेंट गळतोय गं," मैत्रीण झोपेतच पुटपुटली. बाहेर डोकं काढलं तर आभाळ स्वच्छ, चांदण्यांचा खच. पावसाचा पत्ता नाही, आणि स्लीपिंग बॅगा पायाकडून चिंब.

ते पाणी आमचंच होतं. दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि घामातून अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात. बाहेर पारा दहाच्या खाली उतरला की टेंटचं कापड गार पडतं, आतली दमट हवा त्याला लागते आणि पाणी सुटतं, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून सुटतं तसंच. आमच्या टेंटला ना वरून झरोका, ना दुसरं कापड. ती वाफ जाणार कुठे?

टेंट घ्यायला गेलं की सगळे पहिला प्रश्न विचारतात, "पावसात गळणार नाही ना?" पण आपल्याकडे उघड्यावर मुक्कामाचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्या दिवसांत छळतात ते दहिवर आणि वारा. खाली जे लिहिलंय ते हे दोघे डोळ्यांसमोर ठेवूनच. दोन-तीन जणांनी सॅक पाठीवर टाकून एसटीने किंवा लोकल-जीप करत जायचं, गडावर किंवा पठारावर एक रात्र काढायची, रविवारी संध्याकाळी घरी परत. एवढ्यासाठी टेंट हवा असेल तर पुढे वाचा.

आधी बघा, टेंट लागतोच का

हे दुकानदार सांगणार नाही. सह्याद्रीतल्या कितीतरी मुक्कामांना टेंट लागतच नाही. राजगडावर पद्मावतीचं देऊळ आहे, तोरण्यावर मेंगाईचं, गोरखगडावर आणि रतनगडावर गुहा आहेत. हरिश्चंद्रगडावर तर देवळाच्या आजूबाजूला लेणीच लेणी. राजमाचीला उधेवाडीत, प्रबळमाचीला, कळसूबाईच्या पायथ्याला बारीत घरगुती राहायची सोय होते आणि गरम जेवण मिळतं. भंडारदऱ्याला मे अखेर ते जूनमध्ये काजवे बघायला जाणार असाल किंवा पवना धरणाच्या काठी, तर तिथे गावकऱ्यांचे नाहीतर कॅम्पवाल्यांचे टेंट आधीच लावलेले असतात. स्वतःचा पाठीवर नेऊन करणार काय? हिमालयातल्या संस्थांच्या ट्रेकलाही, युथ हॉस्टेल्सचे धरून, टेंट त्यांचेच असतात. "पुढच्या वर्षी सारपासला जायचंय म्हणून घेतोय" हे कारण वहीतून खोडून टाका.

पावसाळ्यात टेंट घेऊन गडावर जाऊच नका. जुलैत घाटमाथ्यावर जो पाऊस आडवा येतो त्याला चार-पाच हजारांचा टेंट पुरा पडत नाही. माथ्यावरची सपाट जागा तासाभरात तळं होते आणि ओढ्याकाठची जागा तर विचारायलाच नको. पावसाळ्यात गावात राहावं. चुलीशी बसून चहा प्यावा.

आणखी एक. जुलै २०२५मध्ये मराठ्यांच्या लष्करी वारशातले १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतले ११ महाराष्ट्रातले. राजगड, साल्हेर, लोहगड, शिवनेरी ही मुक्कामी ट्रेकवाल्यांच्या ओळखीची नावं त्यात आहेत. अशा संरक्षित जागी मुक्कामाला परवानगी आहे का, टेंट लावू देतात का, हे निघण्याआधी पायथ्याच्या गावात फोन करून विचारा. हरिश्चंद्रगड-कळसूबाई हा अभयारण्याचा भाग असल्यामुळे तिथे वनखात्याचे नियम लागू होतात. पुरातत्त्वाच्या भिंतीत किंवा चौथऱ्यात खुंटी ठोकणारा माणूस दिसला तर त्याला थांबवा, तो तुमच्याच ग्रुपमधला असला तरी.

एवढं सगळं वजा करूनही टेंट लागतो, त्या जागा उरतात: माथ्यावरची मोकळी पठारं, घाटवाटांचे लांबचे ट्रेक, गर्दीच्या शनिवारी भरून गेलेल्या गुहा. आणि ज्यांना देवळाच्या ओवरीत चाळीस जणांच्या घोरण्यात झोप येत नाही, ते. मी त्यांतली एक.

पहिले दोन मुक्काम भाड्याच्या टेंटमध्ये काढा

पुण्या-मुंबईत ट्रेकिंगचं सामान भाड्याने देणारे बरेच आहेत. एका रात्रीचे काही शे रुपये आणि अनामत. दोन वेगवेगळ्या बनावटीचे टेंट दोन वेळा नेऊन बघा. पाठीवर तीन किलो जास्त म्हणजे काय, हे हरिश्चंद्रगडाच्या वाटेवरच्या तोलार खिंडीच्या चढावर जेवढं कळतं तेवढं दुकानात कळत नाही. भाड्याचा टेंट घेताना तो तिथेच उघडून पोल, म्हणजे टेंट उभा धरणाऱ्या काठ्या मोजा, खुंट्या मोजा, चेन दोनदा लावून बघा. परत करताना "फाटलेला होता" म्हणून अनामत कापली जाण्याचा प्रसंग माझ्यावर आलाय. तेव्हापासून ताब्यात घेतानाच मोबाइलवर व्हिडिओ काढते.

या दोन मुक्कामांनंतर बरेच जण टेंट घ्यायचा विचारच सोडून देतात. तेही बरंच झालं म्हणायचं, पैसे वाचले.

किती माणसांचा?

पाकिटावर "दोन माणसांसाठी" लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ दोन माणसं झोपू शकतात, कुशीवर वळायचं तर एकमेकांची परवानगी घेऊन, एवढाच. अशा टेंटची रुंदी साधारण १२० ते १४० सेंटीमीटर असते. एक कॅरीमॅट, म्हणजे खाली अंथरायची फोमची गुंडाळी, ५० ते ६० सेंटीमीटर. दोन मॅट टाकल्या की संपलं, सॅक बाहेर. सॅक बाहेर ठेवायची तर टेंटवर अंथरायच्या वरच्या कापडाखाली आडोसा हवा, नाहीतर सकाळी ती दहिवराने निथळत असते.

म्हणून दोघांनी तिघांचा घ्यावा, तिघांनी चौघांचा. पण चौघांच्या पुढे जाऊ नये. सहा-आठ जणांचे टेंट गाडीने जाऊन धरणाकाठी लावायला ठीक आहेत. डोंगरावर तेवढी सपाट जागा सापडत नाही, आणि वारा मोठ्या टेंटला शीड समजतो. सहा जण असाल तर तिघांचे दोन.

लांबी तपासायची राहून जाते. तुमची उंची पावणेसहा फुटांच्या पुढे असेल तर आतून किमान २१० सेंटीमीटर हवेत. पाय किंवा डोकं उताराच्या कापडाला टेकलं की तिथूनच ओल झिरपते.

वजनाचं गणित सोपं आहे. दोघांत तीन किलोपर्यंतचा टेंट चालतो, कारण तो वाटून न्यायचा असतो. एकाकडे आतलं कापड, दुसऱ्याकडे वरचं कापड आणि पोल. एकाच बिचाऱ्याच्या सॅकला अख्खी पिशवी लटकवायची प्रथा बंद करा.

आणि तो हवेत फेकला की आपोआप उघडणारा टेंट? दुकानात बघायला मजा येते. मिटल्यावर त्याची मोठी गोल चकती होते, ती सॅकमध्ये मावत नाही, बाहेर बांधावी लागते. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने चढताना ती चकती प्रत्येक कातळाला घासते, एसटीच्या दारात अडकते आणि जंगलात झाडावर. गाडीच्या डिकीत टाकून जाणाऱ्यांसाठी ती चीज आहे.

दोन कापडं, आणि मध्ये हवा

आता मुद्द्याचं. टेंट दोन कापडांचाच घ्या. आतला भाग जाळीचा किंवा अर्धा जाळीचा, आणि त्यावर वेगळं अंथरायचं पाणीरोधक कापड, ज्याला ट्रेकर फ्लाय म्हणतात. श्वासाची वाफ जाळीतून बाहेर जाते आणि फ्लायच्या आतल्या बाजूला जमते. तिथून ओघळून जमिनीवर उतरते, तुमच्या कपाळावर पडत नाही. यासाठी दोन कापडांत वीतभर अंतर राहायला हवं. फ्लाय ढिला पडून जाळीला चिकटला की दोन कापडांचा उपयोग शून्य.

फ्लाय किती खाली येतो ते बघा. स्वस्त टेंटमध्ये तो टोपीसारखा नुसता डोक्यावर असतो. खालचा अर्धा भाग उघडा, त्यातून वारा सरळ आत. जानेवारीत अशा टेंटमध्ये रात्र काढलेला माणूस सकाळी सहाला चहाच्या टपरीपाशी हजर असतो. फ्लाय जमिनीपासून चार बोटांवर येऊन थांबला पाहिजे. पूर्ण टेकला तरी वाईट, खालून हवा शिरायला फट हवी. वरच्या बाजूला एक तरी झरोका हवा, आणि तो उघडा राहावा म्हणून आत छोटी काठी दिलेली असली तर तो टेंट विचार करून बनवलाय असं समजा.

थंडी वाजते म्हणून झरोके बंद करून झोपणं ही नवख्यांची हमखास चूक. टेंट ऊब देत नाही, तो फक्त वारा अडवतो. ऊब देते स्लीपिंग बॅग आणि खालची मॅट. झरोका उघडा ठेवा, कानटोपी घाला.

कापडाच्या आधी पोल बघा

टेंट विकणारे कापडाविषयी भरभरून बोलतात. पण ज्या रात्री टेंट दगा देतो त्या रात्री बहुतेक वेळा कापड फाटत नाही, पोल मोडतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याकडून वारा कसा वर उसळतो ते गेलेल्यांना माहीत आहे, तिथे कड्यावरून टाकलेली हलकी वस्तू परत वर येते. तसा वारा रात्री दोन वाजता सुटला की टेंटची एक बाजू आत दबते, सुटते, पुन्हा दबते. हे हजारदा झालं की सगळ्यात अशक्त सांधा तुटतो.

स्वस्त टेंटचे पोल फायबरग्लासचे असतात. ते अॅल्युमिनियमपेक्षा जड, आणि मोडले तर उभे चिरतात. चिरलेली कड कापडात घुसते आणि हाताला बारीक कुसळं लागतात. अॅल्युमिनियमचा पोल वाकतो, पण बहुतेकदा हाताने सरळ करून रात्र निभावता येते. तरीही आपल्या बजेटमध्ये फायबरग्लासच मिळणार हे मान्य करून चाला. तेवढ्यात चांगलं-वाईट निवडता येतं.

पोलची जाडी बघा. साधारण ७ मिलिमीटरचा बारीक पोल तिघांच्या टेंटला पुरत नाही, ८.५ च्या आसपासचा बरा. प्रत्येक सांध्याला धातूची नळी घट्ट बसलेली हवी, बोटाने फिरवली तर फिरता कामा नये. आतली इलॅस्टिकची दोरी ताणून सोडा, पोल आपोआप टकाटक जुळला पाहिजे. मग दुकानदाराला सांगून टेंट तिथेच उभा करायला लावा. वरून तळहाताने हलकेच दाबा, बाजूने ढकला. पुन्हा पूर्ववत उभा राहिला तर ठीक. एका बाजूला कलून राहिला तर नमस्कार करून बाहेर पडा.

रचना घुमटाची घ्या, दोन पोल एकमेकांना छेदून जाणारी. असा टेंट खुंट्यांशिवाय स्वतःच्या पायावर उभा राहतो. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे, कारण सह्याद्रीचा माथा म्हणजे काळा बेसाल्ट, आणि कोकणात उतरलात तर जांभा. खुंटी दोन बोटंही आत जात नाही. बोगद्यासारखे लांबट टेंट किंवा चालायच्या काठ्यांवर उभे राहणारे हलके टेंट खुंट्यांच्या ताणावरच जगतात. मातीच्या देशात ते सुंदर, आपल्या कातळावर त्यांना लावताना संध्याकाळ सरते.

टेंट विकत घेतला की पोल दुरुस्त करायची नळी वेगळी घ्या. बोटभर लांबीची अॅल्युमिनियमची नळी, पोलपेक्षा किंचित मोठ्या व्यासाची. मोडलेल्या जागेवर सरकवायची आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळायची. किंमत किरकोळ.

लेबलावरचे आकडे

लेबलवर "२००० मिमी" असं काहीतरी छापलेलं असतं. त्या कापडावर २००० मिलिमीटर, म्हणजे दोन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी आरपार येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. दहिवराला आणि नोव्हेंबरातल्या अवकाळी सरीला फ्लायचे १५०० पुष्कळ झाले. २००० ते ३००० असेल तर मे अखेरच्या वळवालाही हरकत नाही. त्याहून मोठ्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका.

तळाला मात्र आकडा मोठा हवा, आणि त्याचं कारण गमतीचं आहे. दोन मीटर पाण्याचा दाब चौरस सेंटीमीटरला २०० ग्रॅम भरतो. तुम्ही ओल्या जमिनीवर टेंटमध्ये गुडघे टेकलेत, तीस किलो भार पन्नास चौरस सेंटीमीटरवर आला, तर दाब झाला ६०० ग्रॅम. म्हणजे वर पावसाला पुरून उरणारं कापड तुमच्या गुडघ्याखाली पाणी सोडणार. "तळ गळका निघाला" ही तक्रार बरेचदा अशा गुडघ्या-कोपरांची असते. तळ ३००० च्या आसपासचा घ्या आणि वर कॅरीमॅट पसरा, म्हणजे गुडघ्याचा भार एका जागी येत नाही.

दुसरा आकडा डेनियरचा. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. आकडा वाढेल तसा धागा जाड आणि टेंट जड. तळ जाड असू दे, फ्लाय पातळ चालेल.

आकड्यांपेक्षा शिवण बघा. सुईने पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला वाट. चांगल्या टेंटच्या शिवणीवर आतून पारदर्शक पट्टी गरम करून चिकटवलेली असते. फ्लाय उलटा करून सगळ्या शिवणींवरून बोट फिरवा. पट्टी नसेल तर लेबलवर ५००० लिहिलेलं असलं तरी तो टेंट शिवणीतून गळणार.

चेन अडकते का ते बघा. बाकी रंग, खिसे, आत दिवा टांगायचा हूक, यांवर पाच मिनिटंसुद्धा घालवू नका.

मग किती मोजायचे

बाजारात ढोबळ मानाने तीन पायऱ्या दिसतात. दोन हजारांच्या आतले ऑनलाइन टेंट, एका कापडाचे किंवा टोपीवाले. हे गच्चीवर मुलांना खेळायला घ्या. तीन ते पाच-सहा हजारांत दोन कापडांचा, घुमटाचा, पट्टी मारलेल्या शिवणीचा, अडीच ते साडेतीन किलोचा टेंट मिळतो. डेकॅथलॉनचे केचुआ नावाचे साधे टेंट याच पंगतीतले, आणि गडावर सकाळी नजर टाकलीत तर निम्मे तेच दिसतील. त्याचा फायदा असा की भाग मोडला तर कुणाकडे तरी जोड सापडते. दहा हजारांच्या पुढे अॅल्युमिनियमचे पोल आणि दोन किलोच्या आतलं वजन सुरू होतं. वर्षाला तीन मुक्काम करणाऱ्याने तिकडे बघू नये, उरलेले पैसे चांगल्या स्लीपिंग बॅगेत घालावेत. थंडी तीच अडवणार आहे.

जुना घ्यायचा तर घ्या, ट्रेकर मंडळी हौसेने टेंट घेऊन दोन वर्षांत विकायला काढतात. फक्त फ्लायची आतली बाजू हुंगा. आंबूस वास आला किंवा हाताला चिकट लागलं तर पाणीरोधक थर सडायला लागलाय, आणि तो पुन्हा नीट होत नाही. फुकट दिला तरी घेऊ नका.

खुंट्या बदलायच्याच. टेंटसोबत येणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या पहिल्याच दगडावर नागमोडी होतात. हार्डवेअरच्या दुकानातले सहा इंची जाड खिळे स्वस्तात मिळतात. जड असतात म्हणून सहाच घ्या. सोबत प्रत्येकी दोन मीटरच्या सहा नायलॉन दोऱ्या. कातळावर कामाला येतात त्या दोऱ्याच.

टेंटखाली अंथरायला वेगळं महागडं कापड विकतात. साधं जाड प्लास्टिक पुरतं. गाडीने जाणार असाल तर आपल्या गावात वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स काही कमी नाहीत, भाऊंचा चेहरा खाली करून अंथरा. पाठीवर न्यायला फ्लेक्स जड पडतो. काहीही अंथरा, पण ते टेंटच्या तळापेक्षा चार बोटं लहान कापा. बाहेर डोकावलं की फ्लायवरून ओघळणारं पाणी गोळा करून ते टेंटखाली नेतं.

गच्चीवरची तालीम

आणल्या दिवशी गच्चीवर लावा. पोल कापडाच्या बोगद्यातून सरकवताना नेहमी मागून ढकला. पुढून ओढलात तर सांधे सुटतात आणि बोगद्यात अडकतात. एकदा उजेडात, एकदा अंधारात फक्त हेडटॉर्चवर लावा. दुसऱ्यांदा दहा मिनिटांत झाला तर गडावर पंधरात होईल.

मग झारीने किंवा पाइपने वरून पंधरा मिनिटं पाणी सोडा. कुणाला तरी आत बसवा, शिवणींचे कोपरे बघायला सांगा. रात्री आत टॉर्च लावून बाहेरून बघा, बारीक छिद्रं ताऱ्यांसारखी चमकतात. दोष निघाला तर बदलून घ्यायची मुदत अजून शिल्लक असते, म्हणून हे पहिल्याच आठवड्यात उरकायचं.

गडावर लावताना

सूर्य मावळायच्या तासभर आधी जागा गाठा. कड्याच्या टोकावरून सूर्योदय दिसतो म्हणून तिथे टेंट लावू नका. झोपेत लघवीला उठलेल्या माणसाला कडा दिसत नाही. कड्यापासून लांब, कारवीच्या किंवा मोठ्या खडकाच्या आडोशाला, जमीन किंचित उताराची असेल तर डोकं चढाकडे. सगळ्यात खोलगट जागा टाळा, थंड हवा रात्री तिथेच साचते आणि दहिवरही तिथेच जास्त. सुक्या ओढ्याच्या पात्रात कधीच नाही.

दगड हाताने उचलायच्या आधी काठीने किंवा बुटाने हलवा. सह्याद्रीत दगडाखाली विंचू असतात आणि फुरसंही असतं. फुरसं लहान दिसतं, पण विषारी आहे. हा सल्ला घाबरवायला नाही, पण दोऱ्या बांधायला दगड गोळा करताना घाई होते आणि हात तिथेच जातो. रात्री बूट टेंटच्या आत घ्या, सकाळी झटकून घाला. चेन कायम बंद, पाच मिनिटांसाठी बाहेर गेलात तरी.

दार वाऱ्याच्या उलट्या दिशेला, अरुंद बाजू वाऱ्याकडे. कातळावर खुंटी जात नसेल तर दोरी एका लांबट दगडाच्या मध्यावर गुंडाळा, तो आडवा ठेवा आणि त्यावर दुसरा जड दगड ठेवा. सरकती गाठ मारा म्हणजे पहाटे ढिली पडलेली दोरी आडवं पडल्या-पडल्या ताणता येते. नायलॉनचं कापड दहिवराने सैल होतं, त्यामुळे झोपायच्या आधी एकदा फेरी मारून सगळ्या दोऱ्या पुन्हा ओढा. वारा नसला तरी. वारा रात्री येतो.

टेंटच्या आत स्टोव्ह पेटवू नका, निखाऱ्यांची शेगडीही घेऊ नका. कापड वितळतं ते दिसतं तरी, बंद टेंटमध्ये साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. मे अखेरीस विजा कडाडायला लागल्या तर टेंट सोडून खाली उतरा किंवा पक्क्या घरात जा, टेंट विजेपासून काहीही वाचवत नाही.

घरी आल्यावर

रविवारी रात्री अकराला घरी पोचता, टेंट कोपऱ्यात पडतो आणि पुढच्या शनिवारी आठवतो. टेंट असेच मरतात. ओला टेंट दमट हवेत गुंडाळून ठेवला की बुरशी धरते आणि आतला पाणीरोधक थर चिकट होऊन सुटायला लागतो. मुंबई-कोकणातल्या हवेत हे फार लवकर होतं. आल्या रात्रीच पंख्याखाली, दाराच्या दांडीवर, कुठेही मोकळा टाका. दुसऱ्या दिवशी सावलीत पूर्ण वाळवा, कडक उन्हात नको, ऊन कापड कमकुवत करतं. मातीचे डाग ओल्या फडक्याने पुसा. वॉशिंग मशीन आणि कपड्यांची पावडर अजिबात नाही.

दुकानातून आली त्या घट्ट पिशवीत वर्षभर ठेवू नका. जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल भरून कपाटात वरच्या फळीवर ठेवा. जून ते सप्टेंबरात महिन्यातून एकदा बाहेर काढून उलगडा. पोल मिटताना मधल्या सांध्यापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जा, म्हणजे आतल्या इलॅस्टिकवर ताण सारखा येतो. एका टोकापासून मिटत गेलात तर ती दोरी दोन-तीन हंगामांत लूज पडते. पडलीच तर शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात गोल इलॅस्टिक मीटरवर मिळतं. जुनी दोरी काढायच्या आधी तिच्या टोकाला नवी बांधून ओढून घ्या, म्हणजे पोलमधून ओवत बसावं लागत नाही.